खळ्यातल्या दोन राजदूत

पूर्णगड,
१२ ऑक्टोबर

चि. अजिंक्य,

आशीर्वाद. पण पुरा नाही. निम्मा राखून ठेवलाय, तो तुझं उत्तर बघून देईन.

काल दुपारी चिपळूणहून टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "अजिंक्यशेठनी सांगितलंय, काकींच्या खळ्यात उतरवा." हे अजिंक्यशेठ म्हणजे आपलाच पोरगा, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत त्याने दोन मोटारसायकली खाली घेतल्या. एक माडाला टेकवली, दुसरी तुळशीजवळ आडवी घातली आणि चहासुद्धा न घेता गेला. दोन्ही राजदूत. एकीची टाकी लाल, दुसरीची काळी असावी. काळीवर गंज इतका, की तिचा रंग ठरवायला पंच बोलवावे लागतील. गणपतीत पाच दिवस इथे होतास. मोदकांवर ताव मारलास, पण ह्यातलं एक अक्षर तोंडातून काढलं नाहीस.

तुझे काका पडवीत बसले होते. झटका आल्यापासून त्यांच्या डोक्यात काल आणि आज एकमेकांत मिसळलेत, ते तू पाहिलंसच. टेम्पो गेल्यावर काठी न घेता खळ्यात उतरले, लाल टाकीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "कोणी नेली होती गो आपली गाडी? काय अवस्था करून आणलीन!" आपली राजदूत मी भंगारात दिली, ती ह्यांना विचारूनच. पण ते आता त्यांच्या लक्षात नाही. सांगितलं की तेवढ्यापुरतं पटतं आणि चहा पिऊन झाला की परत विचारतात, गाडी कुठे आहे. आता विचारायचं कारणच उरलं नाही.

मला भीती आहे ती एकच, ती नीट ऐक. श्रावणात हे संध्याकाळी कोणाला न सांगता पावसच्या रस्त्याला लागले होते. लांज्याच्या बाजारात मासळी पोचवायची होती म्हणे. एसटीच्या कंडक्टरने ओळखलं म्हणून घरी आणून सोडलं. पायी होते म्हणून सापडले. ह्यातली एखादी गाडी चालू झाली आणि हे तिच्यावर बसून निघाले, तर मी त्यांना कुठे शोधू? मोडायच्या तर मोड, न्यायच्या तर ने. चालू मात्र करू नकोस.

उत्तर पत्रानेच दे. फोन आला की हे माझ्या हातातून ओढून घेतात, तुला तुझा बाप समजतात आणि आज बर्फ किती लागेल ते विचारत राहतात. बाबूभाऊजींना जाऊन इतकी वर्षं झाली, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगण्याचं धैर्य माझ्यात नाही.

दमयंतीकाकी


कळंबोली,
१८ ऑक्टोबर

ती. काकी,

उरलेल्या निम्म्या आशीर्वादासाठी इथूनच पाया पडतो. सांगायचं विसरलो असं नाही, सांगायला घाबरलो. काकींना विचारलंस का, असं तुमच्या सूनबाईनेही, सानिकाने, विचारलं होतं. तेव्हा मी मान अशी काही हलवली की तिला ते 'हो' वाटलं.

झालं ते असं. ह्या दोन गाड्या चिपळूणच्या एका माणसाच्या गोदामात पडून होत्या आणि पुराच्या वर्षी पाण्याखाली गेल्या होत्या. मला एकच हवी होती. पण लालचा सांगाडा धड आहे आणि इंजिन चिखलाने धरलंय. काळीचं इंजिन हाताने फिरतं, पण तिचा सांगाडा खालून सडलाय. अर्धा दिवस मी दोघींच्या मधे उभा राहिलो आणि शेवटी दोन्ही घेतल्या. एक ना धड भाराभर चिंध्या, असं सानिका म्हणते. पण दोन चिंध्यांचं एक धड होतं, हे तिला पटवायचं राहिलंय.

आता करायचं काय, हेच माझं ठरत नाहीये. कंपनीतला एक मित्र म्हणतो, सगळी खरवडून नवा रंग दे, निकेलचा मुलामा दे, नवरीसारखी सजव. दुसरा म्हणतो, जुन्या रंगाला हात लावशील तर तुझ्याशी बोलणार नाही. जुन्या गाडीची किंमत तिच्या ओरखड्यांत असते. मला सकाळी पहिल्याचं पटतं आणि रात्री दुसऱ्याचं.

म्हणून ठरेपर्यंत दोन्ही गाड्या धुवायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत, त्यांना काहीही लावायचं नाही. एवढं माझ्यासाठी करा. जागा अडली असेल, पण फार दिवस नाही. पावसच्या गॅरेजातला दीपक येऊन बघून जाईल. काकांची काळजी करू नका. त्या गाड्या सध्या माझ्याच्याने हलत नाहीत, त्यांच्याने काय हलणार?

तुमचा,
अजिंक्य


पूर्णगड,
२६ ऑक्टोबर

चि. अजिंक्य,

जागा कोणाला अडली? मी लिहिलं काय आणि तू वाचलंस काय!

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. काहीही लावायचं नाही, असं त्यात लिहिलं होतंस. मी त्याच्या चार दिवस आधीच लावून बसले होते. खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवलं तर काय राहणार त्याचं? शेजारच्या काशीकडे होडीला लावायचं मुशी माशाचं तेल उरलं होतं. होडी वर ओढली की आपण तिला त्याचा हात देतोच. ते मी काळीला लावलं, कारण तीच जास्त गंजलेली होती. डब्याच्या तळाला राहिलं ते तिच्या इंजिनावरही ओतलं. लालपर्यंत तेल पुरलं नाही.

आता पुढे ऐक. दसऱ्याला ह्यांनी सकाळी लवकर आंघोळ केली आणि गाडीसाठी झेंडूची माळ मागितली. मी लालला घातली. हे जवळ आले, वाकून वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग काळीकडे गेले, तिचाही वास घेतला आणि लालची माळ काढून तिच्या गळ्यात घातली. "ही आपली," म्हणाले. "ती लाल कोणाची गो? लोक आपल्या दारात गाड्या उभ्या करतात आणि तू काय बोलत नाहीस?" बरोबरच आहे म्हणा. आपली गाडी जन्मभर मासळीची खोकी वाहत होती. तिला कधी फुलांचा वास आला होता? पण इतके दिवस लाल आपली होती आणि तेलाचा एक हात लागताच काळी आपली झाली. आता मलाच संशय यायला लागलाय, आपली खरी कशी होती.

दीपक आला तेव्हा त्याने काळीच्या इंजिनाला पाना लावला मात्र, हे काठी उगारून धावले. "चोर, चोर!" करून वाडी गोळा केली. बिचारा चहा टाकून पळाला. दुसऱ्या दिवशी हे जेवून झोपले तेव्हा मीच त्याला बोलावलं. म्हटलं, काळीचं इंजिन काढ आणि लालसकट तुझ्या गॅरेजात घेऊन जा. नाहीतरी तुला ते लालमध्येच बसवायचं होतं ना? मग माझं चुकलं कुठे? खळ्यात आता एकच गाडी आहे आणि ती चालण्यातली नाही. त्या रात्री मला झोप लागली.

दमयंतीकाकी


कळंबोली,
३ नोव्हेंबर

ती. काकी,

मुशीचं तेल! मी पत्र सानिकाला मोठ्याने वाचून दाखवत होतो, ती इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. मला मात्र हसावं की रडावं ते कळेना. काळीचा मूळ रंग आत शाबूत असेल, ह्या आशेवर मी होतो. दीपकने फोन केला होता. त्या इंजिनाच्या वासाने त्याच्या गॅरेजात गावातली सगळी मांजरं येऊन बसलीत, गिऱ्हाइकांना पाय ठेवायला जागा नाही.

पण एक गोष्ट त्यानेच सांगितली. इंजिन उघडलं तर आत काही बिघडलेलं नाही. रिंगा बदलल्या, घासूनपुसून लालमध्ये बसवलं की ती गाडी धावेल. काकी, तुम्हाला आता सरळच सांगतो. मी ही गाडी शर्यतीला नेणार नव्हतो की विकणार नव्हतो. काकांना द्यायची होती.

मी गाडी शिकलो ती त्यांच्या राजदूतवर. किल्ल्याच्या उतारावर मला पुढे बसवून म्हणाले, "मी मागं हाय." खाली पोचून वळून पाहिलं तर काका मागे बसलेले नव्हते. कॅरिअर धरून माझ्यामागे धावत आले होते, चप्पल कुठेतरी वाटेत सुटली होती. बाबा तोवर बर्फाचं काम सोडून मुंबईला गेले होते. मला पडू न देणारं माणूस म्हणजे काका. झटका आल्यापासून भेटलो की ते मला 'बाबू' म्हणतात आणि मी 'ओ' देतो. एकदा तरी त्यांनी 'अजिंक्य' म्हणावं. गाडीचा तो फटफट आवाज कानावर पडला तर म्हणतील, असं मला उगाच वाटतं.

तुमची भीती मला समजली, आता खरंच समजली. पेट्रोल बंद ठेवता येतं. सीटखाली लपलेलं बटण बसवता येतं, ते दाबल्याशिवाय गाडी पेटणार नाही. ते कुठे आहे हे तुम्हालाच ठाऊक असेल. मग आणू का लाल घरी?

रंगाचं अजून ठरत नाही.

अजिंक्य


पूर्णगड,
२४ नोव्हेंबर

चि. अजिंक्य,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळे पुसले, हे आधी सांगते. आता माझं उत्तर ऐक. नाही.

बटण तू सीटखाली लपव नाहीतर समुद्रात. तीस वर्षं ज्याने गाडी उघडून जोडली, त्याचा हात त्या बटणावर माझ्याआधी जाईल. माणूस विसरलाय, हात विसरलेला नाही.

आणि दुसरं म्हणजे आता गरजही नाही. कशी नाही ते सांगते, पण हसू नकोस. दिवाळीनंतर एका संध्याकाळी हे काळीवर जाऊन बसले. ती स्टँडवर उभी आहे. पाय मारून किक दिली, एकदा नाही, तीनदा. मग मला हाक मारली, "चल गो, बस मागं. पावसपर्यंत जाऊन येऊ." मी म्हटलं, भात टाकलाय. तर असे हिरमुसले की मी गॅस बंद करून गेले आणि बसले. अजिंक्य, लग्न झाल्यापासून मी त्या गाडीवर कधी बसलेच नव्हते. मागे कायम मासळीचं खोकं. माहेरी जायचं तर एसटी, डॉक्टरकडे जायचं तर कोणाची तरी रिक्षा. पहिल्यांदा बसले ती ही, न चालणाऱ्या गाडीवर.

आता रोज जातो. कधी पावस, कधी पार लांजा. मी दिवे लागायच्या आत केस विंचरते, धड लुगडं नेसते. हे वळण आलं की "धर" म्हणतात आणि मी धरते. वाटेत कोणाची बाग, कोणाचं दुकान, सगळं सांगतात. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. पण चुकत कुठेच नाहीत. परत आलो की शांत जेवतात आणि झोपतात. आठवडा होऊन गेला, रस्त्याकडे एकदाही पाऊल टाकलं नाही. काशी कुंपणावरून बघते आणि पदर तोंडाला लावते. लावू दे.

मी नवऱ्याला फसवतेय का, असं मधेच मनात येतं. मग येतं ते जातंही, कारण संध्याकाळ होते. म्हणून तुला सांगते, काळी मला राहू दे, आहे तशी. लाल तू मुंबईला ने आणि हवी तशी नटव. पण तिचा आवाज ह्या घराच्या आसपास यायला नको. आवाज ऐकला की ह्यांना ही खोटी आहे हे कळेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.

दमयंतीकाकी


कळंबोली,
४ डिसेंबर

ती. काकी,

काळी तुमची झाली. मी काही मागत नाही. लाल दीपककडेच राहील आणि पावसच्या पुढे येणार नाही. तुमचं पत्र वाचल्यावर गाडी चालवणं म्हणजे काय तेच मला कळेनासं झालं. इथे मी रोज खरी गाडी चालवतो, सानिका मागे बसते आणि दोघं एक शब्द बोलत नाही.

फक्त एक गोष्ट डोक्यात घोळतेय. दीपकलाही विचारली, तोही बुचकळ्यात पडला. तुम्ही लिहिलंत की काका तीनदा किक मारतात. राजदूतची किक इंजिनाला असते. इंजिन काढलं की किक त्याच्याबरोबर जाते, गिअरही जातो. काळीला खाली नुसती पोकळी आहे. मग काका किक मारतात ती कशाला?

सहज विचारतोय. वाईट वाटून घेऊ नका.

अजिंक्य


पूर्णगड,
१७ डिसेंबर

चि. अजिंक्य,

असलं काही विचारायला नको होतंस. का ते सांगते.

माझं खाली कधी लक्षच गेलं नव्हतं. मी पदर सावरून मागे बसायच्या नादात असायचे. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मात्र मुद्दाम बाजूला उभी राहून बघितलं. ह्यांनी पाय उचलला, हवेत मारला आणि टाच जमिनीवर आपटली. तीनदा. मग हँडल धरून माझी वाट बघत राहिले.

माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "किक कुठाय?"

हे खाली बघत नाहीत, काही नाही. म्हणाले, "किक कुठनं असणार? इंजिन नाय."

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे?"

"तीस वर्सं गाडी फिरवली. इंजिन हाय का नाय ते मला कळणार नाय?" म्हणाले. "आणि ही आपली पण नाय. आपली तू विकलीस. मीच सांगितलं होतं, वीक म्हणून."

"मग रोज बसता कशाला?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू वेडे ते नसून मीच. म्हणाले, "तू रोज केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून तयार राहतेस. इतकी वर्सं खोक्यासाठी तुला कधी नेली नाय. आता बस म्हटलं तर तुझं तोंड केवढं फुलतं गो. तुला कसं सांगू, की ही चालत नाय म्हणून?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, अजिंक्य. काशी कुंपणाशी होती की नव्हती, ते मी पाहिलंही नाही. इतके दिवस मी ह्यांना सांभाळतेय असं समजत होते.

आता तुला वाटेल, काका बरे झाले. मलाही वाटलं. रात्रभर वाटत राहिलं. सकाळी उठून त्यांनी विचारलं, बाबू बर्फ घेऊन आला का? म्हणजे ती एक संध्याकाळच स्वच्छ होती की ते रोजच संध्याकाळी स्वच्छ असतात आणि माझ्यासाठी वेड पांघरतात, हे मला समजत नाही. श्रावणात रस्त्याला लागले ते खरं होतं, हे नक्की. डॉक्टरांना विचारणार होते, पण विचारू काय? नवरा शहाणा होऊन मला फसवतो, असं?

तेवढ्यात विचारून घ्यायचं ते मात्र मी विचारून घेतलं. रडून झाल्यावर म्हटलं, "खरी गाडी आली तर चालवाल?" तर हात पुढे करून दाखवला. थरथरत होता. "ह्या हातानं तुला घेऊन जाऊ? माझ्यानं नाय व्हायचं. त्या पोराला सांग. मी त्याला शिकवलंय, पाडणार नाय तो." नाव घेतलं नाही. पण बाबू म्हणाले नाहीत, पोरगा म्हणाले. एवढं तुझ्यासाठी.

तेव्हा लाल चालू कर. रंग कोणता, ते मला विचारू नकोस. ओरखडे ठेव नाहीतर निकेल कर. मागचं कॅरिअर काढ आणि तिथे मऊ सीट लाव. मला पाठीचा त्रास आहे. शिमग्याला सुट्टी घेऊन सानिकासकट ये. आवाजाचं मी लिहिलं होतं ते विसर, दारापर्यंत वाजवत आण. चावी तुझ्या खिशात ठेव, झोपतानासुद्धा. मला लांज्याला ने, सानिका घरी ह्यांच्याजवळ बसेल. मी परत आल्यावर त्यांना सगळा रस्ता सांगेन.

काल संध्याकाळी हे परत काळीवर जाऊन बसले, टाच आपटली आणि हाक मारली. कुठल्या डोक्याने मारली, देव जाणे. मी क्षणभर उंबऱ्यातच घुटमळले. मग केस विंचरले आणि गेले. शिमगा यायला अवकाश आहे, तोवर आम्ही आहे त्या गाडीवरून जाऊन येतो.

पुरा आशीर्वाद.

दमयंतीकाकी